पाच वाजताची गोळी

पाचाला दहा कमी होते आणि सोनलच्या पदरात अजून तीन बायकांच्या ओट्या पडायच्या होत्या. कांताबाईचा एक डोळा पाटावर बसलेल्या सुनेवर होता आणि दुसरा भिंतीवरच्या घड्याळावर. पण ओटी भरायला आलेल्या बायका त्या, त्यांना घाई करा म्हणून कोण सांगणार? एकीनं नारळ ठेवायचा, दुसरीनं शेंडी बघून तो फिरवायचा, तिसरीनं हिरव्या साडीचा काठ चिमटीत धरून "कुठनं घेतली गं?" म्हणायचं, आणि निपाणीतल्या दुकानाचं नाव निघालं की सगळ्यांनी मिळून त्या दुकानदाराच्या सासुरवाडीपर्यंत जाऊन यायचं.

घड्याळात पाच वाजले तशी कांताबाई उठली. पेलाभर पाणी घेतलं, कमरेच्या बटव्यातली कागदाची पुडी सोडली आणि बायकांच्या मधनं वाट काढत सुनेसमोर जाऊन उभी राहिली.

"घे."

सोनलनं गोळी तोंडात टाकली, दोन घोट पाणी प्याली आणि पेला परत दिला. झालं एवढंच. पण मगदुमांच्या घरात अक्काताई बसलेली असताना एवढ्यावर काही मिटत नसतं. अक्काताई म्हणजे जिनाप्पांची थोरली बहीण, कांताबाईची नणंद. नवरा गेल्यापासून तीस वर्षं भावाच्या घरात राहिली होती आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसून सगळं घर चालवत होती.

"कसली गोळी गं ती, भर ओटीत?"

"डॉक्टरांची."

"डॉक्टर काय ओटी थांबवून गोळी गिळा म्हणतोय व्हय?"

"व्हय वन्सं, अगदी तसंच म्हणतोय," कांताबाई म्हणाली. बायका हसल्या म्हणून तेवढ्यावर निभावलं.

निभावलं असं तिला वाटलं. कारण पाटाशेजारी मांडीला मांडी लावून शालूबाई बसली होती. शालूबाई म्हणजे सोनलची आई. चिकोडीच्या पलीकडनं गाडी करून लेकीला न्यायला आली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हा नेम मोडलेला ह्या भागात कुणी बघितलेला नाही. सातव्यात ओटी भरायची आणि त्याच पावली पोरीला गाडीत बसवायचं.

"एकदा माझ्या घरात येऊ द्या, ह्या गोळ्या-बिळ्या सगळ्या बंद करते बघा," शालूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पोटातल्या बाळाला उष्णता होतीया. आमच्या घराण्यात सात पोरं झाली, एकाच्याबी आईनं गोळी बघितली न्हाई. जायफळ, वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, समदं आणून वाळवून ठेवलंय मी. मधाचं बोट आपल्या जैनांत चालत न्हाई, मग साखरपाण्याचं लावायचं. पहिला चीक पिळून टाकायचा. तीन दिवस गाईचं दूध निम्मं पाणी घालून, आणि चौथ्या दिवसापासनं गुटी. पोरगं कसं टणक होतंय बघा!"

"व्हय तर!" म्हणाल्या बायका. एकीनं गुटीत बदाम घालायला सांगितला, एकीनं खारीक. एकीच्या जावेनं काळा मनुका घातला होता आणि ते पोर आता बेंगळूरला इंजिनीअर होतं.

कांताबाई पेला घेऊन स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला धरून उभी राहिली. ठरलेलं सगळं पाण्यात गेलं होतं.

ठरलं होतं ते असं. चार महिन्यांमागं निपाणीच्या सरकारी दवाखान्यात, सगळ्याच गरोदर बायकांचं तपासतात तसं सोनलचं रक्त तपासलं, आणि त्यात एचआयव्ही निघाला. मग तिच्या नवऱ्याचं, जिनेंद्रचं तपासलं. त्यालाही होता. लग्नाआधी दोन वर्षं तो पुण्यात कंपनीत होता. "एकदा न्हवं आई, तीन-चारदा," एवढंच त्यानं खाली मान घालून सांगितलं, आणि कांताबाईनं त्या अठ्ठावीस वर्षांच्या घोड्याच्या कानाखाली वाजवली. लग्न ठरवताना पत्रिका बघितली होती, घराणं बघितलं होतं, पोरीचं नाक-डोळे आणि पोराची जमीन बघितली होती. रक्त बघावं असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आठ दिवस ती पोराशी बोलली नाही. नवव्या दिवशी त्याला आणि सुनेला घेऊन बेळगावच्या बसमध्ये बसली.

तिथली समुपदेशन करणारी बाई अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलायची. कांताबाईकडं बघून आधी म्हणाली, "अंजब्याड्री अव्वा, घाबरू नका." मग कागदावर चित्रं काढून तिनं सांगितलं. हा विषाणू एका ताटात जेवून लागत नाही, हात धरून लागत नाही, डासानं लागत नाही. तो लागतो तो संबंधातनं, रक्तातनं, सुईतनं आणि आईकडनं बाळाला. औषध घेतलं नाही तर शंभरातल्या तीस-चाळीस बाळांना लागतो. औषध रोज घेतलं, रक्तातला विषाणू दबला, तर शंभरात एखाद्यालाच. बाळ जन्मल्यावर त्यालासुद्धा सहा आठवडे रोज पातळ औषध पाजायचं आणि सहाव्या आठवड्याला टाचेतनं रक्ताचे थेंब घेऊन तपासायचं.

रात्री नऊची वेळ निघाली तेव्हा कांताबाईनंच हरकत घेतली होती. "आमच्यात दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा न्हाई." ती बाई हसली. म्हणाली, वेळ तुमच्या सोयीची धरा, पण एकदा धरली की सोडू नका. म्हणून पाच. चार महिने सोनलनं एक दिवस चुकवला नव्हता, आणि गेल्या आठवड्यात तपासणीचा कागद आला: रक्तात विषाणू सापडण्याइतका उरलेला नाही. "संपला न्हाई हां," बाईनं बजावलं होतं. "दबलाय. गोळी सुटली की परत उठणार. आणि बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध. वरचं दूध, गुटी, पाणी, कायबी न्हाई. बाळाचं आतडं नाजूक असतं. वरचं पोटात गेलं की त्याला इजा होती आणि आजाराला वाट मिळती."

आई, मुलगा, सून अशा तिघांनाच हे ठाऊक. जिनाप्पांना नाही, अक्काताईला नाही, माहेरी तर नाहीच. सोनलनं गोळ्या शेंगाचटणीच्या डब्यात लपवून न्यायच्या, पाच वाजता गुपचूप घ्यायच्या आणि कळा सुरू झाल्या की सरकारी दवाखान्यातच जायचं म्हणून हट्ट धरायचा, असा बेत. तिघांनाही तो फार हुशारीचा वाटला होता. आणि शालूबाईनं दोन मिनिटांत त्याच्या चिंध्या केल्या. गोळ्या बंद म्हणाली, चीक टाकून देणार म्हणाली, आणि गुटी तर वाळवूनच ठेवलेली. बाळंतिणीच्या खोलीत एकटी सोनल किती जणींचे हात धरणार होती?

आणि गप्प राहून काय होतं ते ह्या घराला नवं नव्हतं. कांताबाईला दीर होता, गुंडू. तंबाखूच्या लॉरीवर ड्रायव्हर. सतरा वर्षांमागं तो वाळत वाळत गेला. टीबी झालाय म्हणून त्याला शेतावरच्या तंबाखूच्या वखारीत ठेवला. कांताबाई दोन वेळा ताट घेऊन जायची आणि उंबऱ्याच्या आत काठीनं सरकवायची. शेवटच्या दिवसांत तो म्हणायचा, "वैनी, आत येऊन वाईच बस की." ती कधीच आत गेली नाही. तो गेल्यावर त्याची बायको गुणाबाई पंधराव्या दिवशी माहेरी पाठवली. दोन वर्षांत तिचीही खबर आली. त्या दवाखान्याच्या बाकावर बसून चित्रं बघताना कांताबाईला गुंडूला काय झालं होतं ते कळलं, आणि तिथंच तिला हुंदका फुटला. बाईला वाटलं, सुनेसाठी रडते आहे.

तिनं पेला उपडा ठेवला आणि परसदारी गेली. जिनेंद्र गाडीच्या डिकीत शिदोरीच्या पाट्या लावत होता. शेंगापोळ्यांचा डबा, चिवडा, लाडू.

"जिनू, सांगायला लागतंय."

त्याला कुणाला, काय, असं विचारावं लागलं नाही. त्याचा चेहरा उतरला. "आई, डोकं फिरलं काय? आज? ओटीदिवशी? सासूबाई गोंधळ घालतील. सोनलला घेऊन जातील आणि परत पाठवायच्या न्हाईत. ठरलंय तसं करूया की."

"ठरलंय तसं केलं तर बाळाच्या तोंडात पहिल्याच दिवशी वरचं दूध जातंय आणि चौथ्या दिवशी गुटी. ऐकलास न्हाईस, तुझी सासू काय बोलली ते."

"सोनल नको म्हणंल."

"बाळंतीण पोर आणि तिनं आईला नको म्हणायचं? मी तुझ्या वेळी माझ्या आईला एकदातरी नको म्हटलेलं तुला ठावं हाय का? बाळंतिणीचं कोण ऐकतंय रं!"

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. लोकांच्या तोंडाला औषध न्हाई. ह्याला हाय."

त्यानं लाडवाचा डबा उगीचच एकीकडचा दुसरीकडं ठेवला. मग म्हणाला, "सोनलला विचार. तिचं हाय ते. ती म्हणाली तर मी उभा राहतो."

पोराला इतकी अक्कल असेल असं कांताबाईला वाटलं नव्हतं. तिचा राग तेवढ्यापुरता निवळला.

सोनल आतल्या खोलीत पदरातले तांदूळ ताटात झाडत होती. कांताबाईनं दार लोटलं. "पोरी, तुझ्या आईला सांगायचं म्हणते मी. पण तू न्हाई म्हणालीस तर माझी जीभ हलणार न्हाई. तुझं शरीर हाय, तुझं गुपित हाय."

सोनलनं पदर परत एकदा झाडला. तेवीस वर्षांची पोर. तिला हा आजार दिला तो ह्याच घरानं, आणि गेले चार महिने कांताबाई तिच्या तोंडाकडं बघताना मान वर करू शकत नव्हती.

"मलाबी मघा गुटीचं ऐकून भ्या वाटलं, आत्ती," ती म्हणाली. "आई ऐकायची न्हाई मला. पण सांगायचं असंल तर मी सांगणार. तुमी न्हाई, हे न्हाईत. मीच."

बायका हळदीकुंकू घेऊन पांगल्या. मधल्या खोलीत सहाच माणसं राहिली, आणि कांताबाईनं पुढचं दार लावलं तसे जिनाप्पा वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "काय गं? दिवस मावळायच्या आत त्यास्नी निघायचं हाय न्हवं?"

सोनल उभी राहिली. "आई, मघाची गोळी साधी न्हाई. मला एचआयव्ही हाय."

"काय हाय?"

"एड्स म्हणतात बघ लोक, त्याचा विषाणू. मला एड्स झालेला न्हाई आणि मी होऊ देणार न्हाई. ती गोळी त्याच्यावरचीच. ती रोज घ्यायला लागती, जन्मभर."

"माझ्यामुळं झालं," जिनेंद्र म्हणाला. तो खरोखरच तिच्या बाजूला येऊन उभा राहिला होता. "लग्नाआधीचं माझं. मलाबी माहीत नव्हतं, पण माझ्याकडनंच तिला गेलं. तिची काडीइतकी चूक न्हाई."

शालूबाई उठली. ती जावयाकडं चालत गेली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हात उचलते. तिनं त्याचा सदरा दोन्ही मुठीत धरला आणि नुसता हलवला, हलवतच राहिली. "माझी एकुलती एक पोर दिलती रं तुला! एकुलती एक!" मग तिनं सदरा सोडला आणि ती कांताबाईकडं वळली.

"तुमाला ठावं होतं."

"चार महिने."

"आणि मी मघापासनं तुमच्या दारात हसत बसलीय! पेढं वाटलं मी, विहीणबाई!"

"व्हय. पहिल्याच दिवशी तुमास्नी सांगायला पाहिजे होतं. चुकलं माझं. काय बोलायचं ते बोला."

पण शालूबाईच्या आधी अक्काताईलाच वाचा फुटली. तिनं आपली खुर्ची दोन वीत मागं सरकवली होती. "आधी तिचं ताट-वाटी येगळं काढा! सैपाकाच्या चौक्यात पाय ठेवू देऊ नगा तिला! मुनीमहाराजांस्नी आहार दिला ह्या घरानं, ह्या घरात असलं—"

"वन्सं, चार महिने तिच्याच हातची भाकरी खाताय," कांताबाई म्हणाली. "वजन दोन किलो वाढलंय तुमचं. काल म्हणालासा की, ब्लाउज घट्ट होतोय म्हणून."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी ह्यावर तासभर भांडण झालं असतं. पण तेवढ्यात जिनाप्पा बोलले, आणि त्यांचा आवाज ऐकून दोघी गप्प झाल्या.

"गुंडूला हेच झालतं."

"मला आता बेळगावला कळलं ते," कांताबाई म्हणाली.

"मला तवाच ठावं होतं. डॉक्टरनं मला एकट्याला आत घेऊन सांगितलं होतं. टीबी म्हणा म्हणून मीच घरात सांगितलं." जिनाप्पा कुणाकडंच बघत नव्हते. "औषध निघालं होतं गं, कांता. फुकट मिळत होतं. मी गेलतो विचारायला. तिथं नाव-गाव लिहून घ्यायला लागले. मगदूम लिहायचं, गावाचं नाव लिहायचं. मी म्हटलं, कागद विसरलोय, उद्या येतो. आणि परत गेलोच न्हाई. एक नाव लिहायला लाजलो मी, आणि भाऊ वखारीत मारला."

त्यांना रडू आलं. पंचावन्न वर्षांच्या संसारी माणसाला बहिणीसमोर, विहिणीसमोर, सुनेसमोर रडू आलं आणि त्यांनी ते आवरलंही नाही. त्या माणसाचा त्या घटकेला कांताबाईला भयंकर संताप आला, आणि कीवही आली. सतरा वर्षं शेजारी झोपला आणि बोलला नाही! पण आपण काठीनं ताट सरकवलं तेही तिला आठवलं.

जिनाप्पांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "आक्का, ताट येगळं करायचं असलं तर माझं कर. सोनलचं व्हायचं न्हाई."

तीस वर्षांत भावानं अक्काताईचा शब्द पहिल्यांदा मोडला होता. तिनं पदर डोक्यावर घट्ट ओढून घेतला आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

शालूबाई मात्र कशानंच द्रवली नव्हती. "तुमचं रडणं तुमच्यापाशी ठेवा, पाव्हणं. सोनल, चल. बॅग घे. ह्या घरात परत पाय टाकायचा न्हाई."

"येते मी," सोनल म्हणाली. "पण आई, नेणार असशील तर सगळं कळून ने. गोळी पाच वाजता म्हणजे पाच वाजता. बाळंतपण सरकारी दवाखान्यात, तिथं सांगून. आणि बाळाला माझं दूध आणि त्याचं औषध, दुसरं कायबी न्हाई. गुटी न्हाई, साखरपाणी न्हाई. आजी आली, मावशी आली, कुणीबी आलं तरी न्हाई."

"गुटीनं कधी कुणाला—" शालूबाई बोलता बोलता थांबली. मग अगदी बारीक आवाजात तिनं कांताबाईला विचारलं, कारण विचारायला दुसरं कोण होतं? "पोराला होणार काय हो?"

कांताबाईनं सांगितलं. शंभरातले तीस-चाळीस आणि शंभरातलं एक. दबलेला विषाणू, बाळाचं आतडं, सहा आठवडे, टाचेतले थेंब, आणि नंतर दीड वर्षापर्यंतच्या तपासण्या. त्या बाईनं काढली होती तशी चित्रं तिला येत नव्हती, म्हणून ताटातल्या तांदळांचे दोन ढीग करून दाखवले. "होणारच न्हाई असं कुणी लिहून देत न्हाई, विहीणबाई. मीबी देत न्हाई. पण ते एकावर आणून ठेवलंय तुमच्या पोरीनं. एक दिवस गोळी चुकवली न्हाई तिनं. आता पुढचं आपल्या हातात हाय."

"आणि माझी पोर? ती किती दिवस—"

"गोळी घेत राहिली तर तुमच्या-माझ्यासारखीच म्हातारी हुतीया. नातवाची पोरं बघंल."

शालूबाई पाटावर बसली. लेकीची ओटी भरलेल्या त्याच पाटावर. "माझ्या घरात कसं सांभाळू मी हे? जाऊबाई हाय, चुलतसासू हाय, गल्लीतल्या धा जणी येत्यात बाळ बघायला. प्रत्येकीच्या पदरात काय ना काय असतंय. एकीला नको म्हणीन, दोघींस्नी म्हणीन. अंघोळीला गेले, बस्तीत दर्शनाला गेले, तेवढ्यात कुणी बोट लावलं तर? हिला हितंच ठेवून घ्या म्हणावं तर गाव विचारंल, माहेर मेलं काय म्हणून."

कांताबाईला कळलं, की बाई आता लेकीला सोडायचा विचार करत नाही, राखायचा करते आहे. आणि तिच्या तोंडून निघून गेलं:

"मी येते."

"कुठं?"

"तुमच्या घरी. तुमी अंघोळीला गेलासा की दारात मी. मी गेले की तुमी."

"अगं ए!" अक्काताईला राहवलं नाही. "सुनेच्या माहेराला सासू बाळंतपण करायला गेलेली कुठं ऐकलीस काय? आणि एक-दोन दिवस न्हवं, चार महिने! विहिणीच्या घरचं अन्न खाणार? तोंड कुठं दाखवणार?"

"चार महिने तोंड हितं दाखवायचं न्हाईच, वन्सं, म्हणून प्रश्नच मिटला."

"आणि हितं भाकऱ्या कोण थापणार?"

"जिनू थापंल," कांताबाई म्हणाली. "पुण्यात दोन वर्षं होता की. भाकरी शिकला नसंल तर आता शिकंल. स्वतःची गोळीबी पाच वाजता घेईल, आणि महिन्याला बेळगावला जाऊन दोघांची औषधं आणून देईल. एक दिवस चुकला तर मला फोन करा, आत्या म्हणून तुमची जबाबदारी ती."

अक्काताईला कामाला लावलं की तिचा अर्धा विरोध मावळतो, हे कांताबाई तीस वर्षांत शिकली होती. "चुकतो कसा बघते," अक्काताई पुटपुटली.

शालूबाईनं होय म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. तिनं लेकीचा हात धरला, तिला उठवलं आणि दार उघडून गाडीकडं चालू लागली. जाताना जावयाकडं बघितलंसुद्धा नाही. जिनेंद्र मान खाली घालून उभा होता, आणि कांताबाईला वाटलं, असू दे, हे त्याला भोगायलाच पाहिजे.

तिनं पाच मिनिटांत पिशवी भरली. चार साड्या, जपमाळ, सोवळ्याचं लुगडं, दवाखान्याचे कागद. चटणीच्या डब्यातल्या गोळ्या काढून उघड्या पिशवीत वर ठेवल्या. पिशवी उचलायला वाकली तर जिनाप्पांनी ती आधीच उचलली होती. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, ह्या माणसानं तिची पिशवी कधी उचलली नव्हती.

"कांता," ते अंगणात म्हणाले, "त्या दवाखान्यात बाळाचं नाव लिहितील तवा मगदूमच लिव. स्पष्ट अक्षरात."

"लिवीन," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

निपाणीचा हमरस्ता सुटला, उसाचे ट्रॅक्टर मागं पडले, चिकोडीचा घाट आला नि गेला. मधे सोनल बसली होती. तिच्या एका बाजूला आई, एका बाजूला सासू. शालूबाईनं एकदा डोळ्याला पदर लावला, एकदा ड्रायव्हरला गाडी हळू घे म्हणाली, तेवढंच. कांताबाई मनात उत्तरं जुळवत होती. गल्लीत विचारतील, सासू का आली? सांगावं, आमच्या घरी रंगकाम काढलंय. सांगावं, चिकोडीच्या डॉक्टरला गुडघे दाखवायचे आहेत. खोटं बोलायला तिला आता जड जात होतं, पण विहिणीच्या दारात विहिणीची अब्रू जाता कामा नये, एवढं तिनं ठरवलं होतं. आणि शालूबाईनं दारातनंच परत जा म्हटलं तर? तर बस्तीच्या धर्मशाळेत राहीन म्हणाली ती मनाशी. पण परत जाणार नाही.

गाडी थांबली तेव्हा उजेड नुकता सरला होता. गल्लीतल्या पाच-सहा बायका भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन वाटच बघत होत्या. सोनल उतरली, तिच्यावरनं तुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं. मग मागनं कांताबाई उतरली, आणि सगळ्यांचे हात थांबले.

"अगंबाई! विहीणबाईबी आल्या?" त्यातली एक थोराड बाई पुढं झाली. "सासू कधी पोरीच्या माहेराला येती व्हय? काय गं शालू, समदं बरं हाय न्हवं?"

कांताबाईनं रंगकामाचं सांगायला तोंड उघडलं. पण शालूबाईनं तिच्या हातातली पिशवी ओढून घेतली.

"बरं हाय. मीच बोलावलंय त्यास्नी," ती म्हणाली. "हे बाळंतपण आमी दोघी करणार हाय. आणि आत्ताच सांगून ठेवते, बाळ बघायला यायचं तर हात धुऊन यायचं आणि मोकळ्या हातानं यायचं. बाळाच्या तोंडाला बोट लावलेलं मला खपायचं न्हाई, मग ती माझी सख्खी जाऊ का असंना."

शालूबाई पिशवी घेऊन आत गेली आणि आतनंच तिनं हाक मारली, "या आत, कांताबाई. दारात काय उभ्या राहिलासा?"